मॅगपायचा डूख

आमच्याकडे सप्टेंबरात वसंत सुरू होतो, आणि शाळेचं वसंताचं पत्रक काढायचं काम माझ्यावर येतं. कोराबी गावच्या शाळेत मी ऑफिस सांभाळते. फोन, हजेरी, मुलांचे खरचटलेले गुडघे आणि पत्रक, सगळं एकाच टेबलावर. त्या वर्षीही नेहमीचंच लिहिलं होतं. आजपासून टोपी नाही तर खेळ नाही. शुक्रवारी बाबालोकांसाठी नाश्ता. बाबा गावात नसतील तर आजोबा, काका, मामा, कुणीही चालेल. त्यानंतर एक दिवस सगळ्यांनी चालत शाळेला यायचं. ऑक्टोबरात जत्रा, केक करणाऱ्यांनी आणि भट्टीवर उभं राहणाऱ्यांनी नावं द्यावीत. आणि सगळ्यात खाली चौकटीत: मॅगपाय पक्ष्यांच्या विणीचे दिवस आहेत. फाटकाजवळच्या निलगिरीखालून जाताना डोक्यावर काहीतरी धरा, पळू नका, हात उडवू नका आणि दगड तर मुळीच मारू नका.

ही चौकट मी दरवर्षी जुन्या पत्रकातून जशीच्या तशी उचलते. कारण आमच्या फाटकावरची जोडी तशी सभ्य. नर एखाद्या सायकलवाल्याच्या हेल्मेटवर चोच आपटायचा, पोस्टमनला थोडं पळवायचा, बस. मुलांना तर दोघंही ओळखायची. डब्यातून सांडलेले पावाचे तुकडे वेचायला अगदी पायात यायची.

त्या वर्षी मात्र नर एकाच माणसाच्या मागे हात धुऊन लागला. तेविताच्या.

तेविता संत्र्यांच्या बागेत कामाला होता. टोंगा बेटांवरून आलेली बरीच मंडळी आमच्याकडे बागांत आहेत, पण हे कुटुंब नवं होतं. दारातून वाकून आत यावं लागेल असा उंच, रुंद माणूस, आणि खांद्याला लेकीचं चिमुकलं गुलाबी दप्तर. लेक लुपे, दुसरीत. बायको आजारी आईजवळ टोंगाला गेलेली, ती ऑक्टोबरात येणार होती. तोवर वेण्या घालण्यापासून डबा भरण्यापर्यंत सगळं तेविताच करायचा. वेण्या तिरक्या असायच्या, पण घट्ट.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. फाटकापाशी निदान वीसेक माणसं होती. पक्षी त्या सगळ्यांवरून सरळ आला आणि तेविताच्या कानाला टोचला. तेवितानं एका हातानं लेकीचं डोकं झाकलं, दुसऱ्यानं आपलं. पक्षी वळून पुन्हा आला. शेवटी एवढा मोठा माणूस गुलाबी दप्तर डोक्यावर धरून पळत सुटला. पोरं हसून हसून लोळली. मोठेही हसले. मीही हसले असेन. कानातून रक्त येतंय हे तो ऑफिसात आला तेव्हा दिसलं. मी कापूस लावला, तर म्हणतो, "माफ करा मिस नेरिडा, तुमच्या खुर्चीला डाग पडला."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी टोपी घालून आला, तरी तेच. मग लोकांचं हसणं थांबलं आणि बोलणं सुरू झालं.

"मॅगपाय उगाच कुणावर डूख धरत नाही," लॉइड म्हणाला. लॉइड पालक समितीचा अध्यक्ष. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं. कुणाचं छप्पर उडालं तर शिडी घेऊन पहिला तोच पोचतो, आणि कुणाविषयी मत बनवायलाही पहिला तोच. "तो पक्षी चेहरे लक्षात ठेवतो. वर्षानुवर्षं. या गड्यानं त्याला काहीतरी केलं असणार."

"काय केलं असेल?" कुणीतरी विचारलं.

"मला काय माहीत? दगड मारला असेल. घरटं पाडलं असेल. गेल्या महिन्यात वादळ झालं ना, त्यानंतर झाडाखाली घरट्याच्या काड्या पडल्या होत्या, मी स्वतः पाहिल्या."

आठवड्याच्या आत 'असेल' गळून पडलं. तेवितानं घरटं पाडलं, हे बेकरीतही बोललं जाऊ लागलं. पोरांनी आणखी मजा शोधली. लुपे म्हणजे त्यांच्या भाषेत कबूतर, हे तिनंच वर्गात हौसेनं सांगितलं होतं. आता मधल्या सुट्टीत पोरं तिच्याभोवती हातांचे पंख करून हलवत फिरायची. "कबुतराचा बाप, पक्ष्याला ताप!" ती वेणीचं टोक तोंडात धरून उभी राहायची.

तेवितानं फाटकापर्यंत येणं सोडलं. बेकरीच्या कोपऱ्यावर लेकीचा हात सोडायचा. तिथून ती एकटी चालत यायची.

शुक्रवारी बाबालोकांचा नाश्ता झाला. मैदानावर टेबलं, लॉइड भट्टीवर, सॉसेजचा वास शाळाभर. तेविता आला नाही. लुपे टेबलाच्या टोकाला दोन पावांची ताटली घेऊन बसली होती. त्यातल्या एकाला तिनं हात लावला नव्हता.

मी शेजारी जाऊन बसले. "बाबा कामावर गेले का गं?"

"झोपलेत," ती म्हणाली. मग ताटलीकडे बघत, "मिस, हा पाव दुपारपर्यंत खराब होईल?"

"नाही होणार. माझ्या फ्रिजमध्ये ठेवू."

ताटली ठेवून मी बाहेर आले. तेविता झोपला नव्हता. बेकरीच्या कोपऱ्यावर कामाच्या कपड्यांत उभा होता, आमच्या मैदानाकडे बघत. मी रस्ता ओलांडून गेले.

"अरे, ये की आत. मागच्या दारानं ये, तिकडे पक्षी नाही."

"पक्ष्याचं काही नाही, मिस. पक्षी एकदा टोचतो आणि जातो." त्यानं मैदानावरच्या माणसांकडे पाहिलं.

मला आडून विचारता येत नाही. "तेविता, तू त्याला खरंच काही केलंस का?"

तो बुटांकडे बघू लागला. "त्याच्या पिल्लांना हात लावला होता मी," म्हणाला. तेवढ्यात बागेची गाडी येऊन थांबली, मागे बसलेल्या लोकांनी त्याला हाक मारली आणि तो चढून गेला.

मी जड मनानं परत आले. कुणाला काही बोलले नाही. पण खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मलाही वाटलं, म्हणजे काहीतरी आहेच.

पुढच्या आठवड्यात पालक समितीची बैठक झाली. जत्रेच्या तयारीची. लॉइडनं पहिलाच विषय पक्ष्याचा काढला. जत्रेला बाहेरगावची माणसं येणार, कुणाचा डोळा गेला म्हणजे? पक्ष्याला हलवा, नाहीतर गोळी घाला. आमच्या मुख्याध्यापिका रोवेना शांत बाई. म्हणाल्या, "मारायचं आपल्या हातात नाही, लॉइड. गावच्या कौन्सिलला बोलावते. ते बघतील आणि सांगतील."

कौन्सिलकडून ब्रॉन्विन आली. उन्हानं रापलेली, पोक्त बाई. टोपीच्या मागच्या बाजूला तिनं मोठ्ठे डोळे रंगवले होते, कारण बघणाऱ्यावर हा पक्षी सहसा झडप घालत नाही. झाडाला शिडी लावली, लॉइडच्या हातात छत्री दिली आणि म्हणाली, "माझ्या डोक्यावर धरायची. तुझ्या नाही." दुसरीचा वर्ग चित्रकलेसाठी बाहेर पायऱ्यांवर बसला होता, तो सगळा माना वर करून बघू लागला. नर दोनदा छत्रीवर आदळला. ब्रॉन्विन वर पोचली आणि फांद्यांत वाकून बघू लागली.

"काय आहे?" रोवेनांनी खालून विचारलं.

"घरटं नाहीये. घरटं वादळात गेलं असणार." तिचा आवाज बदलला होता. "इथे बेचक्यात बादली बांधलीय. आईस्क्रीमची. बुडाला भोकं पाडलीत, पाणी साचू नये म्हणून. आत काड्या घातल्यात. आणि दोन पिल्लं आहेत. चांगली पिसं फुटलेली, गुटगुटीत."

"बादली?" लॉइड म्हणाला.

"सुतळीनं बांधलीय. संत्र्याच्या कलमांना बांधतात ती हिरवी. गाठी बघा, वादळ आलं तरी हलायची नाही." ती खाली उतरली, हात झटकले. "कुणीतरी खाली पडलेली पिल्लं उचलून वर ठेवलीत. नाहीतर मांजरानं केव्हाच नेली असती. ज्यानं केलं त्याला हा पक्षी जन्मभर विसरणार नाही. त्याला एवढंच दिसलं, की एका माणसानं आपली पोरं हातात धरली. त्या माणसाला बिचाऱ्याला फार टोचत असेल हा."

 लॉइडच्या हातातली छत्री हळूहळू खाली आली.

पायऱ्यांवरून लुपेचा आवाज आला. "ती आमची बादली आहे. आंब्याच्या आईस्क्रीमची."

रोवेना तिच्याजवळ जाऊन वाकल्या. "मग तू सांगितलं का नाहीस, बाळ? एवढे दिवस?"

"बाबा म्हणाले, सांगायचं नाही. कळलं तर मुलं पिल्लं बघायला झाडावर चढतील. आणि पडतील." तिनं वर्गाकडे पाहिलं. "आता सगळ्यांना कळलं."

"कुणी चढणार नाही," रोवेना म्हणाल्या, आणि वर्गाकडे त्यांनी असं पाहिलं की कुणी आजतागायत चढलेलं नाही.

लॉइडनं छत्री मिटली, ब्रॉन्विनला दिली आणि गाडीत जाऊन बसला. गाडी बराच वेळ सुरू झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम बेकरीतून पाव घेत रेंगाळले. तेविता लेकीला घेऊन कोपऱ्यावर आला. लॉइड तिथे आधीच उभा होता, हातात दोन कॉफ्या. त्याला माफी मागायची सवय नाही, हे त्याच्या बायकोपासून सगळ्यांना ठाऊक आहे.

"साखर किती घेतोस माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तीन घातलेत."

"चार," तेविता म्हणाला. "पण चालेल."

"हे बघ, मी काहीबाही बोललो. तुझ्याबद्दल. गावभर."

"हो. ऐकलं मी."

"मूर्खपणा झाला माझा."

तेवितानं कॉफीचा घोट घेतला. लुपे एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता हा 'असू दे' म्हणेल, त्याची रीतच तशी. पण तो म्हणाला, "मला बोललात त्याचं काही नाही. माझ्या पोरीला शाळेत पंख हलवून दाखवतात. तिला फार लागतं ते."

लॉइडचा चेहरा उतरला. त्याचा स्वतःचा नातू त्या पोरांत होता. "ते मी बघतो," तो म्हणाला. "आजच बघतो." मग घसा खाकरून, "चल. फाटकापर्यंत मी येतो बरोबर."

"तो तुम्हालाही मारेल."

"मारू दे. मला मारायला त्याच्याकडे चांगलं कारण आहे. तुझ्यावर मात्र उगाच राग काढतोय तो."

"उगाच नाही," तेविता म्हणाला. "तो बाप आहे. त्याला काय ठाऊक मी कोण? माझ्या लेकीला कुणी असं उचललं असतं, तर मी चोच नसती मारली, हात तोडला असता."

तिघं निघाले. पक्षी आला. पहिली टोच तेविताला, दुसरी लॉइडला. लॉइड असा काही ओरडला की रस्त्यापलीकडच्या दुकानातून लोक बाहेर आले. लुपे मोठ्यानं हसली. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

चालत शाळेला यायचा दिवस आला, तेव्हा मी पत्रकात एक ओळ घातली: सगळ्यांनी बेकरीच्या कोपऱ्यावर जमावं, छत्री आणावी. किती येतील याची खात्री नव्हती. सकाळी गेले तर कोपरा भरून रस्त्यावर आला होता. आया, बाबा, बाळांच्या गाड्या, एक आजी तर समुद्रकिनाऱ्यावरची मोठी रंगीत छत्री घेऊन आली होती. तेविताला मधे घातलं. त्यानं नको नको म्हटलं, पण कुणी ऐकलं नाही. लॉइडचा नातू लुपेच्या बाजूनं चालत होता, कान लाल, हातात तिचं दप्तर. बरंच काही ऐकून आला असावा. छत्र्यांचं ते जंगल निलगिरीखालून गेलं. पक्षी वरून दोन घिरट्या घालून फांदीवर बसला आणि गळा मोकळा सोडून गायला लागला. तेवढ्यात तेवितानं नीट दिसावं म्हणून डोकं बाहेर काढलं. मग एक टोच बसलीच.

महिन्याअखेर पिल्लं उडाली. मैदानाच्या कडेला गवतात बसून दिवसभर चोची उघडून ओरडायची. नराचा राग ओसरला. अगदी गेला असं नाही, पण तेविता दिसला की पंख फुगवून नुसता बघायचा.

जत्रेला तेवितानं आणि त्याच्या चर्चच्या मंडळींनी अख्खी डुकरं दांड्याला लावून निखाऱ्यावर भाजली. पहाटेपासून दांडा फिरवायला लॉइड होता. मीठ किती घालायचं यावरून दोघांचं दुपारपर्यंत वाजत होतं. टोंगाच्या बायका गायल्या. केक सकाळीच संपले. लुपेची आई आदल्या आठवड्यात परत आली होती. लहानखुरी, झपझप चालणारी बाई. तिनं गर्दीत नवऱ्याचा कान धरून उजेडाकडे वळवला.

"हे काय झालं कानाला? फोनवर काही बोलला नाहीस."

"फांदी लागली," तेविता म्हणाला.

लुपे तोंडावर हात दाबून खाली बसली.

"फांदी?" लॉइडनं हातातला दांडा दुसऱ्याकडे दिला, एप्रनला हात पुसले आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा वहिनी. हा काही सांगायचा नाही. मी सांगतो." आणि त्यानं सुरुवातीपासून सगळं सांगायला घेतलं. त्याच्या गोष्टीत झाड दुप्पट उंच होतं, वादळात गाड्या उडत होत्या आणि पिल्लं चार होती. स्वतः काय काय बोलला होता, तेही त्यानं गाळलं नाही. तेविता निखाऱ्यांकडे बघत उभा होता, मान खाली घालून. मधूनच हळूच म्हणत होता, "दोनच होती. दोन."