विहिरीतली शिंक

परदेशात कॉन्सर्ट पाहून आलेला माणूस आधी "शब्दच नाहीत" असं लिहितो आणि मग वाचणाऱ्यांचं जेवण गार होईपर्यंत शब्दच शब्द पाठवत बसतो. ताईचं हे मत अनुभवाचं होतं. बँडच्या चाहत्यांचा फोनवरचा गट ती कित्येक वर्षं चालवत होती.

बँड चौघांचा. चौघांचे केस गेले होते, आवाज शाबूत होता. इतक्या वर्षांत त्यांनी अर्धं जग पालथं घातलं, पण या देशाला काही त्यांचे पाय लागले नाहीत. त्यामुळे गटातलं जे कोणी परदेशी असेल त्याने कार्यक्रम पाहावा, तिथून वर्णनं पाठवावीत आणि बाकीच्यांनी ती उष्टावळ गोड मानून घ्यावी, अशी रीतच पडली होती. वर्णनं पाठवणाऱ्यांत परदेशी काका अग्रेसर. त्यांना दर दौऱ्यात पुढच्या रांगेत जागा मिळायची आणि तिथून मागे वळून गटातल्या गरिबांची कीव करायचा त्यांना भारी छंद होता.

यंदाचा दौरा शेवटचा होता. आणि शेवटच्या दौऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात माशी शिंकली. माशी कसली, चांगला दणकट माणूसच शिंकला.

बँडचं एक गाणं आहे. खरं नाव लांबलचक, चाहते त्याला 'विहीर' म्हणतात. गाणं भर वेगात असताना मध्येच सगळी वाद्यं एकदम थांबतात. विहिरीत दगड टाकावा आणि तो पाण्यावर आपटेपर्यंत कान देऊन उभं राहावं, तशी ती शांतता. नंतर ढोल पडतो आणि गाणं पुन्हा उसळतं. त्या शांततेत कोणी टाळी वाजवत नाही, शिट्टी मारत नाही, खाकरत नाही. हे कोणी शिकवलेलं नाही. जगभरची हुल्लडबाज माणसं तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागतात.

त्या दिवशी हजारो माणसं अशीच श्वास रोखून उभी असताना कोणीतरी शिंकलं. वर तो कार्यक्रम रेकॉर्डसाठी ध्वनिमुद्रित होत होता.

काकांनी तेवढा तुकडा गटावर टाकला मात्र, आगडोंब उसळला. झांज नावाचा एक शाळामास्तर गटात होता. तो टेबलावर पट्ट्या बडवून ढोल वाजवायचा आणि तोंडाने झांज, म्हणून झांज. त्याने लिहिलं, "फाशी फार सौम्य होईल." गटातल्या वकिलाने विचारलं, "शिंकेमागे हेतू होता का, ते आधी सिद्ध व्हायला हवं." त्यावर सगळे मिळून वकिलाच्या अंगावर धावून गेले. पण सर्वांत जहाल लिहिलं ते बाळ्याने. "या माणसाला लिफ्टच्या मोकळ्या खड्ड्यात सोडा. डबा वरच ठेवा."

बाळ्या म्हणजे ताईचा सख्खा धाकटा भाऊ. वय चाळिशीचं, मिशी भरघोस, धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. त्या आठवड्यात तो कंपनीच्या प्रशिक्षणाला परगावी गेला होता. तिथूनही त्याने एवढा संताप व्यक्त केला, हे पाहून ताईला भरून आलं. शेवटी रक्ताचं नातं.

ताईचा संताप तर घरात मावत नव्हता. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर शिशाच्या काचेमागून लोकांना सांगायची, "श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका." बरगडी मोडलेली माणसं धरून ठेवत. दम्याचे म्हातारे धरून ठेवत. एकदा ती "सोडा" म्हणायला विसरली, तर एक पैलवान निळा होईपर्यंत धरून होता. आणि इथे एका धडधाकट माणसाला, इतक्या हजारांच्या साक्षीने, एवढंसं नाक सांभाळता येऊ नये? तिने गटावर लिहिलं, "ते नाक शोधून काढा. पुढचं मी बघते."

तिला एवढं लागायचं कारण वेगळं होतं. विहीर तिने आणि बाळ्याने लहानपणी एकाच हेडफोनवर ऐकली होती. डावा कान त्याचा, उजवा हिचा. त्याच्याकडे गिटार यायची, हिच्याकडे ढोल. पूर्ण गाणं दोघांचं मिळून व्हायचं. तेव्हाच ठरलं होतं, प्रत्यक्ष ऐकायला जाऊ तर दोघं, नाहीतर कोणीच नाही. यंदा व्हिसापर्यंत सगळं जुळत आलं होतं, तेवढ्यात आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख नेमकी त्याच आठवड्यात आली. दोघांनी तोंडं पाडून एकमेकांकडे पाहिलं आणि बेत रद्द केला. ताईने काढलेली रजा आईला उठवण्याबसवण्यात गेली. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. नशीब दोघांचंही सारखंच फुटलं होतं, आणि सारखं फुटलेलं नशीब माणसाला सोसतं.

कामावर रुजू झाल्याच्या दिवशी संध्याकाळी आई पलंगावर टाचेखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन गुडघ्याचा व्यायाम करत होती. ताईने स्वयंपाकघरात फोन मोठ्या आवाजावर ठेवून तो तुकडा लावला. शिंक कोणत्या बाजूने आली, हे तिला शोधायचं होतं. वाद्यं थांबली. शांतता पसरली. मग शिंक.

"आला वाटतं बाळ!" आतून आई ओरडली. "अगं, भिजून आला असेल, त्याला म्हणावं आधी डोकं पूस. शिंकतोय बघ कसा."

"आई, तो कुठे आलाय? तो प्रशिक्षणाला आहे."

"मग शिंकलं कोण?"

"फोन आहे तो. गाणं आहे."

"गाण्यात कशाला शिंकतोय तो?"

ताई फोन घेऊन आत गेली. "नीट ऐक," म्हणत तिने तो तुकडा पुन्हा लावला.

आईने गुडघा वाकवता वाकवता ऐकलं. "आता आईलाच शिकव. आधी दोन उचक्या, मग तोफ, आणि शेवटी 'अरेच्चा!' अख्ख्या जगात असं शिंकणारी माणसं दोनच. एक गेले, फोटोत आहेत. हा दुसरा."

ताईने तिसऱ्यांदा लावलं. तोफेनंतर अगदी बारीक, पण स्पष्ट, "अरेच्चा!" ऐकू आलं. इतके दिवस तिने रागाच्या भरात शिंक ऐकली होती, शिंकणारा ऐकलाच नव्हता.

तिने फोन शांतपणे उशाशी ठेवला. इतका शांतपणे, की आईने व्यायाम थांबवला.

"त्याला मारू नकोस हं," आई म्हणाली. "निदान जेवल्याशिवाय."

दुसऱ्या दिवशी बाळ्या उगवला. हातात चॉकलेटांची पिशवी, नाक लाल.

"कसं झालं प्रशिक्षण?" ताईने विचारलं.

"झकास! नवीन लिफ्ट एवढी शांत चालते ताई, आत टाचणी पडली तरी…"

"ऐकू येईल."

"हो ना!"

"आणि शिंक?"

बाळ्याचा हात पिशवीतच राहिला. ताईने फोनचं बटण दाबलं. दोन उचक्या, तोफ, अरेच्चा. पलंगावरून आई म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"रेकॉर्डिंग खराब आहे," बाळ्या पुटपुटला.

"रेकॉर्डिंग उत्तम आहे. माणूस खराब आहे."

"ताई, एकच तिकीट होतं गं. कामावरच्या एकाचं, ऐनवेळी मिळालं. तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

"मग सांगून काय उपयोग होता?"

हे उत्तर बिनतोड होतं. त्याचाच ताईला जास्त राग आला.

"मी फोन केला तेव्हा मागे केवढा कल्ला होता! तू म्हणालास, जेवणाची सुट्टी झालीय. मी इथे आईला धरून संडासापर्यंत नेत होते आणि मनात म्हणत होते, बिचारा बाळ्या, त्याचंही हुकलं. बिचारा! आणि खड्ड्यात कोणाला सोडायचं होतं रे तुला? डबा वर ठेवून?"

"ते संशय येऊ नये म्हणून लिहिलं."

"मला संशय येऊ नये म्हणून."

"गटाला!"

"गट मीच आहे!" ताई कडाडली. मग तिचा आवाज एकदम खाली आला, आणि बाळ्याला तो जास्त झोंबला. "गिटार तुझी होती ना रे? ढोल माझा होता. तू माझ्याही कानाचं ऐकून आलास."

बाळ्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "गटाला सांगू नकोस. पाया पडतो. झांज मला सोलून काढेल."

"पाया आईच्या पड. तिचा एक तरी गुडघा नवा आहे."

तिने गटाला सांगितलं नाही. सांगणार होती. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण तेवढ्यात बँडनेच घोषणा केली: त्या दिवशीची विहीर शिंकेसकट, जशीच्या तशी रेकॉर्डवर घेणार. गायक म्हणाला, "आयुष्यभर आम्ही विहिरीत दगड टाकत आलो. पहिल्यांदाच आतून कोणीतरी उत्तर दिलं." शिंकणाऱ्याने पुढे यावं, त्याचं नाव आभारासह वेष्टनावर छापू, असंही तो म्हणाला.

गटाने कूस बदलली, आणि तीही एकमताने. "मी पहिल्यापासून म्हणत होतो," झांजने लिहिलं. काय म्हणत होता ते लिहिलं नाही. वकिलाने शिंकेला अभिव्यक्ती ठरवलं. ज्यांना फाशी सौम्य वाटत होती, त्यांना आता हार अपुरे वाटू लागले. परदेशी काकांनी तर संध्याकाळपर्यंत कळवलं, "सांगणार नव्हतो, आत्मस्तुती आवडत नाही. पण ते नाक माझंच." तोपर्यंत आणखी दोघं पुढे आले होते. एका शिंकेला चार नाकं झाली, कारण चौथं बाळ्याचं होतं. त्याने लिहिलं, "ती शिंक माझी! शपथेवर! ताईला विचारा!"

सगळ्यांनी ताईला विचारलं.

ताई एक्स-रेच्या खोलीत दोन पेशंटांच्या मधल्या वेळात स्टुलावर बसली होती. शिशाचा जड एप्रन अंगावरच होता. तिने प्रश्न वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. आणि लिहिलं, "बाळ्या त्या आठवड्यात प्रशिक्षणाला होता. हे त्याने मला, आईला आणि तुम्हा सगळ्यांना सांगितलेलं आहे. शिवाय शिंकणाऱ्याला खड्ड्यात सोडा म्हणणारा माणूस स्वतः शिंकेल कसा? काकांचं अभिनंदन."

पुढे अभिनंदनांची रांग लागली. काकांनी "शब्दच नाहीत" असं लिहून सुरुवात केली.

बाळ्या कामाच्या डगल्यातच धावत इस्पितळात आला. हाताला ग्रीस, डोळ्यांत पाणी. थेट काचेमागे येऊन उभा राहिला.

"ताई, तू खोटं बोललीस!"

"मी? तू सांगितलंस तेच सांगितलं. शब्दही बदलला नाही."

"नाव छापून येणार होतं गं माझं. आपलं नाव!"

"आपलं?" ताईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "आपण कुठे होतो तिथे?"

पलीकडे एक आजोबा छाती पाटीला लावून, खांदे पुढे काढून उभे होते. ताई पडद्याकडे वळली.

"काकांना अभिनंदन लिहिलंस?"

"नाही."

"लिही. मी आहे इथे."

बाळ्याने फोन काढला. ग्रीसच्या बोटांनी अक्षरं नीट उमटेनात, दोनदा पुसून लिहावं लागलं. शेवटी गेलं. ताईने वाकून, गेल्याची खात्री करून घेतली. मग माइकवर म्हणाली, "आजोबा, श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका."

खोली गप्प झाली. यंत्र तेवढं घुमत होतं. आणि इस्पितळातल्या औषधांच्या वासाने बाळ्याचं नाक हुळहुळलं. एक उचकी आली. दुसरी आली. मिशी थरथरायला लागली.

"तू पण धर," ताई म्हणाली.

बाळ्याने दोन्ही हातांनी नाक घट्ट धरलं. ग्रीस मिशीला लागलं, डोळे बाहेर आले, चेहरा त्या पैलवानासारखा निळसर दिसायला लागला. पण त्याने धरलं.

ताईने बटण दाबलं. फोटो स्वच्छ आला.

"सोडा," ती आजोबांना म्हणाली. भावाला काही म्हणाली नाही.