द्वारकाबाईंचा खोकला

द्वारकाबाई लोंढेंचा खोकला माझ्या खोलीत राहतो. कपाटाशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून तो दिवसभर खोकतो. पाणी दिलं की थोडा वेळ गप्प बसतो.

मी लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रीत इजा आणि आजारांची नोंद ठेवतो. कामगाराला काही झालं की ते आधी माझ्याकडे येतं. मी नोंद केली की ज्याचं त्याच्याकडे जातं. पण मॅनेजर पारसनीस साहेबांनी 'येथे अपघात नाही, आजार नाही' अशी पाटी लावली आणि नोंदी बंद झाल्या. तेव्हापासून आलेलं सगळं इथेच साचतंय. खिडकीत कुणाचं तरी बहिरेपण असतं. टेबलाखाली चिरडलेले अंगठे पडलेले असतात. काही नवीन आलं की खोली थोडी अरुंद होते. हल्ली मी तिरका होऊनच खुर्चीत शिरतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत द्वारकाबाई आल्या. त्या साच्यांची वाळू चाळतात. भुवयांवर वाळू तशीच होती.

"गुरवभाऊ, माझा खोकला द्या."

"नोंदीशिवाय देता येत नाही, बाई."

"मग करा की नोंद. दम पुरत नाही मला. डॉक्टर छातीला नळी लावतो अन् म्हणतो, साफ आहे. खोकलाच नाही, तर औषध कशाचं देऊ?"

आवाज ऐकून खोकला भिंत धरत उठला.

मी त्यांना थांबायला सांगून साहेबांकडे गेलो.

"पाटी वाचलीत ना?" साहेब म्हणाले.

"बाई मरतील, साहेब."

"त्या मरतील त्यांच्या घरी. खोकला राहू दे इथेच. कुणाला त्रास देतोय तो?"

"मला."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही दमलात, गुरव. रजा टाका."

दमलो तर होतोच. खोलीत परत आलो आणि नोंद करून टाकली. नाव, विभाग, आजार. हाताला बरं वाटलं. खोकला द्वारकाबाईंच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्याने त्यांचा पदर धरला.

"वळखतो मला," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं.

त्या डॉक्टरकडे निघाल्या. गेटपर्यंत मी सोबत गेलो. वॉचमन सोनटक्केने बाईंना बाहेर सोडलं आणि खोकल्यापुढे काठी आडवी धरली.

"आतला माल बाहेर न्यायचा तर साहेबांची सही लागते."

"माल नाही हा. आजार आहे."

"कुठं झाला?"

"इथेच."

"मग इथलाच की."

त्याने गेट लावून घेतलं. पदर खोकल्याच्या हातातून सुटला. मी सहीसाठी ऑफिसकडे धावलो. साहेबांच्या केबिनला दार नव्हतं. जिथे दार असायचं तिथे भिंत होती, आणि तिचा रंग अजून ओला होता. मी थापा मारल्या. आतून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "उद्या या."

परत आलो तेव्हा द्वारकाबाई बाहेरून गेटचे गज धरून उभ्या होत्या. ओठ निळे पडले होते.

"भाऊ, जरा सरका," त्या म्हणाल्या.

मी सरकलो. त्यांनी दोन गजांच्या मध्ये चेहरा दाबला आणि तोंड उघडलं. इकडे खोकल्याने त्यांच्या तोंडासमोर येऊन आपली छाती भरून घेतली.