काउंट उतरला

तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याच्या गोण्यांची थप्पी ज्योतिबाच्या अंगावर कोसळली, त्याला आज नववा दिवस. मांडीचं ऑपरेशन झालं, पण जखम पिकली आणि विष रक्तात भिनलं. "पांढऱ्या पेशी फार वाढल्यात," डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला, प्रेमलाला सांगितलं होतं. "काउंट अकरा हजारांपर्यंत उतरला की सुटलो."

तेव्हापासून प्रेमला त्या एका आकड्यावर जगत होती. बावीस हजार झाला, सव्वीस झाला, एकतीस झाला. टोळीतले माथाडी संध्याकाळी यायचे ते, "वहिनी, आज किती?" एवढंच विचारायचे.

आज सकाळी लॅबचा कागद आला. दोन हजार आठशे.

दीर हौसेराव उडालाच. "बगा वहिनी! दादा म्हंजे पोलाद हाय!" तो पेढे आणायला धावला. प्रेमलानं दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथवरून गावाकडं, नंदकुमारच्या दुकानात फोन लावला. सासूबाई गाठोडं घेऊन तिथंच एसटीची वाट बघत होत्या. मुंबईची गाडी दिवसातून एकच.

"आत्याबाई, येऊ नका आता. काउंट उतरला. आठ दिवसांत आमीच त्यांना घेऊन येतो."

अकरा वाजता डॉक्टरीणबाई आल्या. कागद पाहिला, ज्योतिबाच्या गार पडलेल्या तळव्यांना हात लावला. पुढं केलेल्या पेढ्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

"हा उतार औषधाचा नाही. लढून लढून पेशी संपल्यात. नव्या तयार होत नाहीयेत."

"मग वाढवा की! सुई द्या, बाटली लावा," हौसेराव म्हणाला.

"सगळं देऊन झालंय, दादा."

"उतरायलाच पायजे होता ना पण?" प्रेमलाचा आवाज चढला. "तुमीच म्हनला होता!"

"अकरापर्यंत, ताई. त्याच्या फार खाली गेला तर तेही वाईटच, हे मी सांगायला हवं होतं." बाईंनी कागद मिटला. "कुणाला बोलवायचं असेल तर आजच बोलवा. उद्याचं सांगता येत नाही."

प्रेमलानं पुन्हा फोन लावला. नंदकुमार खुशीत होता. "अवो, म्हातारीनं येशीपासून देवळापर्यंत साखर वाटली! किती उतरला म्हनायचा?"

"पार उतरला. आत्याबाईंना गाडीत बसवा."

"गाडी? ती मगाशीच गेली की."

पलीकडं कुणीतरी हसत होतं. प्रेमलानं तो आवाज ओळखला.

"मग उद्याच्या गाडीत बसवा," ती म्हणाली, आणि आत्याबाईंना फोनवर बोलवू नका म्हणाली.