चंद्रीसाठी लेन्स

तेजस्वीनं सेकंडहँड कॅमेरा आणला, पण नुसती बॉडी. "लेन्स न्हाय म्हंजे शिंगं नसलेली म्हसच की," असं तिचा थोरला भाऊ विश्वजित म्हणाला, आणि गवळ्याच्या घरात याहून मोठा अपमान नसतो. वडिलांनी, केरबा गवळ्यांनी, तर थेट अटच घातली.

"पाडव्याला चंद्रीचा एक झकास फोटू काढून दाव. आला तर कॅमेरा तुझा. न्हायतर दुसऱ्या दिवशी इकून टाकायचा."

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरचे गवळी म्हशी नटवतात. शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, आणि मालक मोटरसायकल दामटतो तिच्यामागं म्हैस धावत सुटते. दोरी नाही, काठी नाही. भर गर्दीतून ज्या घराची म्हैस मागं येते त्या घराची मान वर्षभर ताठ. चंद्रीनं केरबांची मान कित्येक वर्षं ताठ ठेवली होती. आता ती म्हातारी झाली होती आणि हा तिचा शेवटचा पाडवा; तिची रेडी अजून पळवण्याजोगी झाली नव्हती. घरात तिचा धड फोटो नव्हता. होते ते सगळे मोबाइलवरचे, तेही शेपटीचे.

वसीमभाईंच्या कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरवर दोन लेन्स आल्या. ऐपत एकीचीच होती. विश्वजितनं लांबलचक झूम उचलली.

"हीच घे. गच्चीवर बसून म्हशीच्या नाकावरची माशी दिसंल."

"गच्चीवरनं पाठ दिसती म्हशीची," तेजस्वी म्हणाली.

तरी तिनं ती कॅमेऱ्याला लावली आणि फुटपाथवर जाऊन समोरच्या भेळवाल्यावर रोखली. मधे रिक्षा आली. मग दोन बायका आल्या. मग कुणाचा तरी भला मोठा शर्ट. भेळवाला काही दिसला नाही. तिला पाडव्याची गल्ली आठवली. जितकं लांब उभं राहावं तितकी माणसं मधे.

मग तिनं दुसरी, बुटकी पन्नास एमएमची लेन्स घेतली.

"ताई, हिला झूम न्हाय," वसीमभाई म्हणाले. "फुडंमागं आपल्या पायानं व्हायचं. जवळ जायाची हिंमत असंल तर घ्या."

स्वतःच्या म्हशीजवळ जायला कसली आलीय हिंमत? तेजस्वीनं तीच घेतली. विश्वजित घरापर्यंत हसत होता. "बोटाएवढी लेन्स! पोपट होणार बघ तुझा."

मग रोज सकाळी गोठ्यात तालीम सुरू झाली. पहिल्या 'खटक'ला चंद्री फुरफुरली, नंतर सरावली. अख्खी म्हैस चौकटीत मावेना म्हणून तेजस्वी मागं सरकायची, आणि तिच्या ओढणीत बांधलेल्या पेंडीच्या वासानं चंद्री पुढं यायची. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. एकही फोटो धड येईना. तेजस्वी रडकुंडीला आली, चंद्री मात्र पेंड खाऊन खूश होती.

पाडव्याला गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर बायका-पोरी, गच्चीवर लांब नळ्यांचे फोटोग्राफर. पुढं होऊन म्हैस पळवायची ती पुरुषांनीच, हा जुना रिवाज. विश्वजितनं सायलेन्सर काढलेली गाडी रेस केली आणि शायनिंग मारायच्या नादात इतकी सुसाट सोडली, की तो वळणापलीकडं दिसेनासा झाला. चंद्री भर गर्दीत थांबली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि खाली मान घालून उभी राहिली.

"केरबा, म्हस दमली रं! टेम्पोत घाल!" कोणीतरी ओरडलं. गल्ली खो खो हसली. केरबांचा चेहरा पार पडला.

कसला रिवाज आणि कसलं काय! तेजस्वी पायरीवरून उतरली ती थेट चंद्रीपुढं. कॅमेरा डोळ्याला लावला. खटक.

चंद्रीचा कान हलला.

तेजस्वी एक पाऊल मागं सरली. खटक. "ये बाय, ये!"

चंद्रीनं मान उचलली आणि धावत सुटली! तेजस्वी उलट्या पावली पळतेय, गर्दी फाकतेय, हलगी कडाडतेय, कवड्या उडतायत आणि बोट बटणावरून हटत नाही. "नाद खुळा!" गल्ली गर्जली. गच्चीवरच्यांना मिळाली ती चंद्रीची पाठ. वळणाशी पोचल्यावर कॅमेऱ्यात एकदम अंधार झाला. चंद्रीनं लेन्स चाटली होती.

घरी आल्यावर केरबांनी कॅमेऱ्याच्या पडद्याला नाक लावलं. चंद्री सरळ अंगावर धावून येत होती, शिंगं लखलखत होती, म्हातारपणाचा मागमूस नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी पडद्यावरच्या एका कोपऱ्यात बोट ठेवलं.

"आन ह्यो मागं फेटा उडवून नाचाय लागलाय, त्यो येडा कोण?"

"तुम्हीच की, आबा."

केरबा दाराकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "इश्वा, ती गाडी इकून टाक. फुडल्या पाडव्याला चंद्रीची रेडी आपली तेजा पळवणार हाय."