तळ्यात उभी केलेली घोडी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी घोडीने उजवा पुढचा पाय जमिनीला टेकवला नाही. तबेल्यात तिला सगळे बाईसाहेब म्हणत. गुडघ्याखालची जखम वीस दिवसांत बशीएवढी झाली होती. बुरशीचं औषध चालू असूनही वाढतच होती.

तबेल्याच्या मालकाने भाचीला फोन लावला. ती जनावरांची डॉक्टर. साडेसातला ती, मागच्या आठवड्यात जखमेतून घेतलेल्या नमुन्याचा प्रयोगशाळेतला अहवाल घेऊनच आली. चिमट्याने तिने जखमेतून पिवळट, खरबरीत खडे काढले.

“मामा, ही बुरशी नाहीच. पाण्यातला जंतू आहे, नुसता तसा दिसतो; हे खडे त्याचेच. बुरशीचं औषध त्याला लागू पडत नाही.”

“मग इतके दिवस मी काय पाजत होतो?”

“मी लिहून दिलेलं. चूक माझी. आता तुझी सांग. जखम कशाने धुतलीस?”

“धुतली कुठे? मागच्या तळ्यात उभी करायचो, रोज अर्धा तास. सूज उतरते. तीस वर्षं हेच करतोय.”

“आधीच्या घोड्यांना नुसती सूज होती. हिला उघडी जखम.”

साचलेल्या पाण्यात या जंतूचे बीजकण शेपटी हलवत पोहतात, तिने सांगितलं. जखमेचा माग लागला की चिकटतात, शेपटी टाकतात, तंतू काढतात. तंतूचं टोक मांस थोडं विरघळवतं आणि आतल्या पाण्याच्या दाबाने पुढे घुसतं.

“खिळ्यासारखं?”

“हो. फक्त हातोडाही खिळ्याच्या पोटातच.”

मामाने वाकून जखमेकडे पाहिलं. “हाडात गेलंय?”

“एक्स-रेत तरी नाही. गेलं तर तिला कायमचं झोपवावं लागेल. पाय काढून घोडं जगत नाही.”

“मग हाडात जायच्या आत जखम कापून काढ. मी डोकं धरतो, तुला चावेल ती.”

“भूल देणार आहे रे. तुलाही देऊ का?”

पावणेदहा ते साडेअकरा शस्त्रक्रिया चालली. तीन बाजूंनी तिने दोन बोटं जास्तीचं निरोगी मांस काढलं. खालच्या बाजूला स्नायुबंध होता, तो कापला जाऊ नये म्हणून तिथे अर्धंच बोट निघालं.

नवव्या दिवशी पट्टी बदलताना नेमकं खालच्या कडेला तांदळाएवढं पिवळं काहीतरी दिसलं.

“खपली असेल,” मामा म्हणाला.

भाचीने ते बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवलं. तळ्याला आता कुंपण आहे. बाईसाहेब चारही पाय टेकून उभ्या आहेत. त्या पिवळ्या कणाचा अहवाल आज दुपारपर्यंत आलेला नाही.