परतीची ओळ

मी परतीची ओळ बोलतेय. कॉम्प्युटरवरच्या एका छोट्याशा प्रोग्रॅमच्या पोटात माझं बिऱ्हाड. खरं सांगायचं तर मी एक नाही, दोन ओळींची आहे. पहिली प्रोग्रॅमला म्हणते, निघण्याआधी कुठे उभा आहेस ते लक्षात ठेव. दुसरी म्हणते, झालं ना काम, चल आता, होतास तिथे परत. जायचं कुणाचं अडत नाही हो, विसरतं ते परत यायचं. आणि प्रोग्रॅम तर माणसाहून विसरभोळा. ज्या फोल्डरात उभा असेल तेवढंच त्याचं जग. "इथलं सगळं पुस" म्हटलं की पायाखालचं पुसून मोकळा. मग ते सोनं असो की केर.

मला जिने लिहिलं ती बाई एका गोदामात कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी ठेवायची. नवरा शिंपी, घराच्या पुढच्याच खोलीत त्याचं शिलाई मशीन. लेक लग्न होऊन लांब गेलेली, पहिलटकरीण. सगळं कसं छान चाललेलं, आणि बाईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही.

तिसऱ्या दिवशी बाई एक छोटा रेकॉर्डर घेऊन आली आणि येणाऱ्या नातवंडासाठी गोष्टी सांगायला बसली. चिमणीची, विहिरीतल्या कासवाची, लेकीच्या लहानपणीच्या खोड्यांची. बोलताना ठसका लागे, शब्द अडके, मग पुन्हा पहिल्यापासून. जे मनासारखं जमलं त्यावर ती पसंतीची खूण करी.

रोज हे निवडणं-टिपणं नको म्हणून तिने प्रोग्रॅम लिहिला. केबलने रेकॉर्डर जोडायचा. प्रोग्रॅम रेकॉर्डरमध्ये उभा राहणार, खुणेच्या गोष्टी उचलून कॉम्प्युटरवरच्या "बाळासाठी" नावाच्या फोल्डरात जाऊन ठेवणार. मग मी त्याचा हात धरून त्याला रेकॉर्डरपाशी परत आणणार, आणि तिथला उरलेला केर तो पुसणार. माझ्यावाचून एक दिवस भागत नसे. बाईलाही ते ठाऊक होतं. मला लिहून झाल्यावर तिने मला तीनतीनदा तपासून पाहिलं होतं.

दवाखान्यात निघायच्या सकाळी ती रेकॉर्डरशी शेवटचं बोलली. प्रोग्रॅम चालवायला वेळच राहिला नाही. रिक्षा दारात. दिराला म्हणाली, "भाऊजी, केबल लावायची आणि हा चालवायचा. बाकी कशाला हात लावू नका."

दीर मोबाइल दुरुस्त करणारा. माणूस लाखमोलाचा, वहिनीवर जीव, पण हाताला स्वस्थता नाही. त्याने प्रोग्रॅम चालवला. प्रोग्रॅमने त्या सकाळच्या गोष्टी नेऊन "बाळासाठी"त ठेवल्या आणि नेमकी तेव्हाच ढिली केबल सुटली. मी मागे वळून पाहते तर रेकॉर्डरच नाही. परतायला जागाच नाही, तर याला नेऊ कुठे? मी होता नव्हता तेवढा जोर लावून काम थांबवलं आणि पडद्यावर तक्रार उमटवली.

दिराने ती वाचली. केबलकडे काही त्याची नजर तेव्हा गेली नाही. फोनवर भावाला म्हणाला, "दादा, ही एक ओळ उगाच आडवी येतेय. वहिनींना बिचारीला घाईत सुचलं नसेल." आणि त्याने माझ्या दोन्ही कपाळांवर एकेक खूण मारली. अशी खूण मारली की आम्ही दिसतो, पण आमचं कुणी ऐकत नाही. मग सुटलेली केबल दिसली, ती पुन्हा खोचून त्याने प्रोग्रॅम चालवला.

आता कसा बिनतक्रार चालला. "बाळासाठी"त गेला. परत ये म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून तिथेच उभा राहिला. आणि पुढच्या ओळीने सांगितलं तसं, इथलं सगळं पुसलं.

मी बघत होते. तोंड बांधलेलं.

बाई घरी आली ती गळ्याला पट्टी बांधून. बसल्या बसल्या तिने फोल्डर उघडला. मग प्रोग्रॅम उघडला. माझ्यावर बोट ठेवलं आणि दिराकडे पाहिलं. त्याच्या मागाहून लक्षात आलं आपण काय केलं ते. ओरडायला बाईकडे आवाज नव्हता. शिंपी पुढच्या खोलीत गेला आणि मशीन चालवत राहिला, सुईखाली कापड नव्हतं तरी. पुसलेलं परत मिळेल म्हणून कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांना दाखवून झाला. निघाली ती नुसती खरखर.

रेकॉर्डरमध्ये मात्र त्या सकाळचा केर तसाच पडून होता, कारण प्रोग्रॅम तिथे परतलाच नव्हता. ठसके. अर्धी वाक्यं. आणि एका ठिकाणी नवऱ्यावर चढवलेला आवाज, "अहो, थांबवा ते मशीन. किती वेळा सांगायचं माणसाने?"

लेकीने फोनवर ते ऐकलं. म्हणाली, "आई, हेच ठेव. तू अशीच बोलायचीस."

गोष्ट मात्र एकही उरली नाही. नात झाली, ती आता बसायला लागलीय म्हणतात. कासव विहिरीतून कसं निघालं, ते तिला आजीच्या तोंडून कधीच कळायचं नाही.

बाईने माझ्या कपाळांवरच्या खुणा स्वतः पुसल्या. पुसायला सांगणारी ओळ काढून टाकली, मला ठेवलं. तुम्हाला एवढंच सांगते, माझ्यासारखं कुणी काम अडवून ओरडलं तर त्याचं तोंड दाबू नका. आधी मागे वळून बघा, काय सुटलंय ते.

बाई अजूनही मधूनच केबल लावते, घट्ट बसलीय ना ते दोनदा चाचपते आणि प्रोग्रॅम चालवते. तो जातो, मी त्याला परत आणते. रेकॉर्डरमध्ये नवं काही नसतं. ती थोडा वेळ बसते आणि पडदा बंद करते.