फक्त वर्गापुरतं

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो, आणि आज मी गोड बोलणार नाही. आमच्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी डोळे पुसतात, असं तुम्ही वाचलं असेल. माझ्याकडून ती आशा ठेवू नका. मला राग आला आहे, आणि तो मी गिळणार नाही. गिळण्याचं काम माणसांनी पुष्कळ केलं आहे.

माझा जन्म बाइंडिंगच्या कारखान्यात झाला. चौकटींची एकशे ब्याण्णव पानं, राखाडी जाड पुठ्ठा, दोऱ्याची शिलाई. मला शिवणारी बाई प्रत्येक टाका बोटाने ओढून बघायची. "ही काही सुटायची नाही," असं म्हणूनच तिने मला गठ्ठ्यावर ठेवलं. तिच्याविषयी माझी एका शब्दाची तक्रार नाही.

मला विकत घेतलं एका प्रोग्रामर बाईने. ती माझी मालकीण. तिची एक खोड होती. कुठलाही प्रोग्राम संगणकावर लिहिण्याआधी ती तो वहीत लिहून काढायची. बाकीचे हसायचे, पण तिचं काम चुकायचं नाही, म्हणून हसणं लवकरच थांबलं.

माझ्या पानांवर काय होतं, ते सांगते. एका संगणकाला दुसऱ्याकडून काही हवं असेल तर कसंही विचारून चालत नाही. ठरलेल्या खिडकीवर जायचं, ठरलेल्या शब्दांत मागायचं आणि ठरलेल्या साच्यात उत्तर घ्यायचं. या खिडकीला ते लोक एपीआय म्हणतात. कुठली खिडकी काय देते, कुठली तऱ्हेवाईक आहे, कुठली अर्ध्यावर दार लावून घेते, हे सगळं मालकिणीने माझ्यात टिपलं होतं. प्रत्येक टिपणाखाली एक छोटा नमुना प्रोग्राम असायचा. एक हवामान विचारायचा, एक बसची वेळ, एक ग्रंथालयातलं पुस्तक. नमुने म्हणजे नमुनेच. दुकानाच्या काचेतल्या खोट्या घड्याळात कुणी वेळ बघत नाही, तसं यांच्यावर कुणी खरं काम सोपवू नये, एवढी अक्कल वापरणाऱ्याला असते असं मी समजत होते. भाबडी होते.

ऑफिसात माझं कौतुक फार. कुणाचं काम अडलं की हाक यायची, "ताई, आजीबाईचा बटवा द्या ना जरा!" बटवा म्हणजे मी. मग मी या टेबलावरून त्या टेबलावर जायचे. कुणी माझ्यावर चहाचा कप ठेवायचं, कुणी पान दुमडायचं. मालकीण वरवर कुरकुर करायची, "अरे, जपून रे!" आणि आतून फुगायची. तेव्हा मीही फुगत होते, ते कशाला लपवू?

आता त्या पानाकडे येते.

एकदा नव्या लोकांच्या वर्गासाठी तिने एक नमुना लिहिला. फ्रिजला लावलेल्या मापकाला विचारायचं, "आत किती अंश?" तो सांगेल तो आकडा पडद्यावर दाखवायचा आणि नोंदवून ठेवायचा. पण वर्गाच्या खोलीत नेटवर्क सारखं तुटायचं. मापकाचं उत्तर यायचं नाही, आणि तीस माणसांसमोर पडदा कोरा राहायचा. म्हणून तिने एक ओळ वाढवली. उत्तर आलं नाही, तर चांगल्या फ्रिजचा असतो तो आकडा आपणच दाखवायचा आणि नोंदवायचा, चार. आणि बाजूला लाल शाईत लिहिलं, "उत्तर नाही आलं तर ४ दाखव. फक्त वर्गापुरतं. खऱ्या कामात लावू नये."

वर्ग छान झाला, टाळ्या पडल्या. ती खोटी ओळ मात्र माझ्या पोटात तशीच राहिली. पान फाडलं नाही, ओळ खोडली नाही. "टीप लिहिली आहे की!" एवढ्यावर तिचं समाधान.

पुढे कंपनीला एका रुग्णालयाचं काम मिळालं. लहान मुलांच्या लशी ठेवायच्या फ्रिजवर तापमान दाखवणारा पडदा बसवायचा होता. ते काम ज्याच्याकडे गेलं त्याला सगळे झटपट म्हणायचे, कारण कुठलंही काम दिलं की "झटपट करतो" हे त्याचं पहिलं वाक्य. त्याने मला मागून नेलं, ते पान उघडलं, नीट सपाट राहावं म्हणून कोपराने दाबलं आणि मोबाइलवर फोटो काढला. माझी शिलाई कुरकुरली. मग त्याने प्रोग्राम शब्दन् शब्द उतरवला आणि लाल शाई तेवढी सोडून दिली. आयत्या पिठावर रेघोट्या!

त्या रुग्णालयात लशी सांभाळणारे फार्मासिस्ट होते, निवृत्तीला आलेले. लशीच्या प्रत्येक बाटलीवर एक ठिपका असतो. औषध उबेत राहिलं की तो काळवंडतो, आणि काळवंडलेली बाटली मुलाला टोचायची नसते. हे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून एकेक ठिपका बघायचे, म्हणून सगळे त्यांना ठिपकेकाका म्हणायचे. सुट्टीच्या दिवशीही ते फ्रिजपाशी हजर. पडदा लागला तेव्हा आमच्या साहेबांनी त्यांना सांगितलं, "काका, आता बिनघोर राहा. आता फ्रिजवर आमचं लक्ष." काकांनी विश्वास ठेवला. जोडून आलेल्या दोन सुट्ट्यांना ते कित्येक वर्षांनी लेकीकडे राहायला गेले.

परत येऊन बघतात तर एकूण एक ठिपका काळा. फ्रिज थंडगार चालू, पडद्यावर चार, आणि दोन दिवसांच्या नोंदीतही चारच. त्यांनी सगळ्या लशी बाजूला काढल्या, दारात आलेल्या आयांना हात जोडून परत पाठवलं आणि वरिष्ठांना स्वतःच कळवलं. झालं! चौकशी बसली ती त्यांच्यावरच. फ्रिज तर दोन दिवस चार अंशांवर होता, असं मशीन म्हणतंय. मग लशी तापल्या कशा? चौकशीवाले म्हणाले, जाताना तुम्हीच बाहेर काढल्यात आणि विसरलात, आल्यावर परत आत ठेवल्यात. वर खोटं बोलताय. त्यांना कामावरून दूर केलं.

रुग्णालयाने आमच्या कंपनीला पत्र लिहून विचारलं, "तुमचा पडदा चुकू शकतो का?" साहेबांनी पत्र खाली ठेवायच्या आत उत्तर सांगितलं, "शक्यच नाही."

त्या दुपारी झटपट मालकिणीच्या टेबलाशी आला. चेहरा पांढराफटक.

"ताई, तो चार बटव्यातला आहे. वीज गेली असणार. फ्रिजबरोबर मापकही बंद पडला असेल, आणि वीज आल्यावर फ्रिज सुरू झाला, मापक झाला नाही. नोंद ठेवणारा संगणक मात्र बॅटरीवर चालूच. मग उत्तर कुठून येणार?"

तिने मला उघडलं. तिचं बोट लाल शाईवर थांबलं.

"अरे, टीप वाचली नाहीस?"

"टिपा कोण वाचतं, ताई? टीप थोडीच चालते, चालतो प्रोग्राम."

"मूर्खा, एका माणसाच्या आयुष्यभराच्या नावाला काळं फासलंय!"

"मान्य आहे. पण माझी नोकरी जाईल हो. घरी तीन महिन्यांचं बाळ आहे. आणि ओळ तुमच्या हातची आहे."

तिने मला फटकन मिटलं. दोघांनी मिळून तासाभरात प्रोग्राम दुरुस्त केला. उत्तर आलं नाही तर आता पडद्यावर नुसती आडवी रेघ यायची. दुरुस्ती झाली, कबुली झाली नाही. मूग गिळून बसले दोघे, आणि तेही आठ दिवस! मी तिच्या पिशवीत होते, मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. तिला होतं. म्हणून मला तिचा जास्त राग येतो.

नवव्या दिवशी रुग्णालयात बैठक झाली. लांब टेबल, एका टोकाला मोठ्या डॉक्टरीणबाई, समोर आमचे साहेब आणि मालकीण, आणि साहेबांच्या हुकमावरून तिच्यापुढे मी. झटपट आजारी पडला होता, म्हणे. काका एकटेच, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात स्वतःच्या जुन्या नोंदींची डायरी.

ते म्हणाले, "बाई, माझं एवढंच म्हणणं आहे. मी वर्षानुवर्षं काचेच्या तापमापीने मोजलंय. कधी साडेतीन, कधी चार, दार उघडलं की पाच. या मशीनच्या नोंदीत त्या दोन दिवसांत तसूभर फरक नाही. असा फ्रिज मी जन्मात पाहिला नाही."

साहेब हसले. "काका, हे शास्त्र आहे. तुमची तापमापी नव्हे." आणि मालकिणीपुढून मला उचलून त्यांनी टेबलावरून काकांकडे ढकललं. "हे घ्या. यावरून बनवलंय सगळं. कळलं काही, तर आम्हालाही सांगा."

मालकिणीचा हात पुढे आला, पण उशीर झाला होता. कोपराने दाबून माझी शिलाई जिथे खिळखिळी केली होती, तिथेच मी उघडले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. बाण, कंस, परक्या अक्षरांच्या ओळी, त्यातलं त्यांना ओ की ठो कळलं नसेल. पण बाजूला लाल शाईत साध्या भाषेतल्या तीन ओळी होत्या. त्यांनी त्या मोठ्याने वाचल्या, आधी भरभर, मग पुन्हा एकदा सावकाश.

साहेबांचं हसू तोंडातच वाळलं. डॉक्टरीणबाईंनी मला ओढून घेतलं आणि स्वतः वाचलं.

"हे अक्षर कुणाचं?"

मालकीण म्हणाली, "माझं."

"हीच ओळ आमच्या पडद्यात होती?"

"हो. आता काढली आहे."

"तुम्हाला कळलं कधी?"

"नऊ दिवस झाले."

काकांवरचा आळ तिथल्या तिथे गेला. त्यांना त्याच दिवशी कामावर घेतलं, साहेबांना लेखी माफी मागावी लागली. तुम्ही म्हणाल, गोड शेवट झाला. थांबा जरा.

उठताना मालकीण काकांपाशी गेली. "काका, मी टीप लिहिली होती हो. लाल शाईत लिहिली होती."

काकांनी मला मिटलं आणि तिच्या हातात दिलं. त्यांचा आवाज चढला नाही. "लिहिली होती, म्हणून तर मी वाचलो. पण ताई, या नऊ दिवसांत माझी लेक मला रोज विचारायची, बाबा, खरंच विसरला नाहीत ना? शेवटी शेवटी माझाच माझ्यावर विश्वास उरला नव्हता."

मालकीण रडली. रडू दे. मला तिची कीव आली नाही.

तर मित्रांनो, वह्या जपून वापरा, पानं दुमडू नका, असलं काही मी सांगणार नाही. फाडा मला, रद्दीत घाला, माझी हरकत नाही. पण आपल्या हातून झालेली चूक वहीच्या कडेला लिहून कुणी मोकळं होत नसतं. ज्याला ती भोवते आहे त्याच्या दारात जा आणि तोंडाने सांगा, आणि त्याच्या लेकीने त्याला पहिल्यांदा विचारायच्या आत सांगा.